खापर वेताळाच्या माथी



आमच्या मराठीच्या सरांच्या स्मृतीसाठी चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलायला मला बोलावलंत, याचा आनंद आहे आणि थोडी धास्तीही आहे. सर आज पहिल्या रांगेत असते, तर माझं एखादं वाक्य मध्येच अडवून त्यांनी विचारलं असतं, "कर्ता कुठाय?" आम्हाला मराठी शिकवताना ते सकाळचं वर्तमानपत्र वर्गात घेऊन यायचे, त्यातलं एक वाक्य फळ्यावर लिहायचे आणि प्रयोग ओळखायला सांगायचे. एकदा वाक्य होतं, 'बस जळाली.' आम्ही हात वर करून म्हणालो, कर्तरी प्रयोग. कर्ता? बस. सर म्हणाले, "मार्क पूर्ण. पण मला सांगा, बसला काडेपेटी मिळाली कुठे?"

वर्ग हसला होता. आजचा माझा विषय ती काडेपेटीच आहे.

कालपरवा घडलेल्या दंगलीत, यादवीत, आणीबाणीत अद्भुतकथा घडवावी का, आणि घडवायची तर कोणत्या अटीवर, याबद्दल मला बोलायचं आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या लढाईत कोणी राक्षस आणला तर आपण फारसे बिचकत नाही. पण ज्या घटनेचे साक्षीदार अजून जिवंत आहेत, जिच्यात गेलेल्या माणसाचा फोटो अजून कुणाच्या तरी घरात हार घालून लावलेला आहे, तिथे भुतं, जादू, उडणारी माणसं आणायची म्हटली की आपल्या पोटात कालवतं. हे कालवणं मला योग्य वाटतं. मात्र तेवढ्यावरून 'असं लिहूच नये' या निष्कर्षावर उडी मारणं मला मान्य नाही.

आधी एक गल्लत दूर करतो. राजकारण आणि पुराण यांची सांगड मराठीला नवी नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आलं. बंगालच्या फाळणीला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. कीचक कोण, सैरंध्री कोण, गप्प बसा म्हणणारा धर्मराज कोण आणि मुठी आवळणारा भीम कोण, हे प्रेक्षकांना सांगावं लागलं नाही. सरकारलाही सांगावं लागलं नाही. १९१० साली नाटकावर बंदी आली. पण हे रूपक झालं. रूपकात राजकारण पुराणाचा पोशाख घालून येतं. व्हाइसरॉय कर्झनचं नाव घ्यायचं नाही म्हणून कीचकाचं घ्यायचं. मी ज्याबद्दल बोलतोय तो प्रकार नेमका उलटा आहे. तिथे शहराचं नाव खरं, साल खरं, रस्ता खरा, सत्तेवरचा पक्ष खरा. त्या खऱ्या रस्त्यावर एक खोटं पाऊल पडतं, आणि तेही उजेडात. इथे आडोसा नाही, म्हणून जबाबदारी जास्त.

ही जबाबदारी मी एकदा चुकलोय. ती हकिगत सांगूनच पुढे जातो.

नव्वदच्या दशकात मी एका दिवाळी अंकासाठी कथा लिहिली होती. पार्श्वभूमी जानेवारी १९९३ची मुंबई. मध्य मुंबईतली एक चाळ. रात्री चाळीवरून वेताळाची पालखी जाते. पोत पेटलेले, ढोल वाजतायत. ज्याच्या ज्याच्या दारावरून ती जाते तो माणूस झपाटला जातो आणि हातात मिळेल ते घेऊन खाली उतरतो. सकाळी कुणालाच काही आठवत नाही. मला ती कथा फार आवडली होती. मित्रांनाही आवडली. कोकणातला वेताळ थेट दंगलीत आणला म्हणून कौतुक झालं.

दिवाळी संपल्यावर एक पोस्टकार्ड आलं. लिहिणाऱ्या बाई तशाच एका चाळीत राहणाऱ्या होत्या. शिव्या नव्हत्या, तक्रारीचा सूरही नव्हता. त्यांनी एवढंच कळवलं होतं की त्यांच्या चाळीत वेताळ आला नव्हता. जे आले त्यांना त्या नावानं ओळखत होत्या, आणि त्या लोकांना दुसऱ्या दिवशी सगळं आठवत होतं.

ते कार्ड मी कित्येक वर्षं कुणाला दाखवलं नाही. माझं नेमकं काय चुकलं होतं हे समजायलाही वेळ लागला. वेताळ आणला ही चूक नव्हती. मारणाऱ्यांच्या हातातली हत्यारं काढून मी ती वेताळाच्या हाती दिली, आणि माणसांना विसरण्याची सवलत दिली, ही चूक होती. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली विधिमंडळापुढे आला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांत ९०० मृत्यू. त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, इतर ५, आणि ४५ जणांची नोंद 'अज्ञात'. अहवालाचा एक मोठा भाग पोलीस ठाण्यागणिक लिहिलेला आहे. अमुक ठाण्याच्या हद्दीत, अमुक दिवशी, अमुक वेळी. तो वाचताना मला माझी कथा आठवत होती आणि कान तापत होते. त्या पानांत वेताळ कुठेच नव्हता. पालखी वाहणारे खांदे मात्र होते.

अद्भुत आणि ताजा संघर्ष एकत्र आले की पहिली अडचण येते ती बळाची. याचा सगळ्यात गमतीदार नमुना सुपरमॅनचा आहे. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन ज्यू पोरांनी घडवलेला हा वीर १९३८ साली छापून आला. पुढच्याच वर्षी युरोपात युद्ध पेटलं. फेब्रुवारी १९४०मध्ये 'लुक' या नियतकालिकासाठी या दोघांनी दोन पानी चित्रकथा केली. तीत सुपरमॅन हिटलरला उचलतो, स्टालिनला उचलतो आणि दोघांना जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे नेऊन उभं करतो. युद्ध खलास. यावर नाझींच्या एसएस संघटनेच्या मुखपत्रानं चिडून मजकूर छापला होता, म्हणजे बाण लागला होता.

पण डिसेंबर १९४१मध्ये अमेरिका स्वतः युद्धात उतरली आणि लेखकांची पंचाईत झाली. गोळीला न जुमानणारा, इमारती उचलणारा माणूस आपल्या बाजूला आहे, मग युद्ध दोन दिवसांत का संपत नाही? वाचकांची खरी मुलं खऱ्या आघाडीवर मरत होती. त्यांच्या आयांना काय सांगायचं? १९४२च्या वर्तमानपत्री चित्रमालिकेत लेखकांनी तोड काढली. क्लार्क केंट भरतीला जातो. डोळे तपासताना त्याची आरपार बघणारी नजर भिंत भेदून जाते आणि तो शेजारच्या खोलीतला तक्ता वाचून दाखवतो. डॉक्टर त्याला नापास करतात.

हसू येतं, पण त्या हसण्यात एक शरम आहे. जादूला बेसुमार बळ दिलं, तर प्रत्येक खरा मृत्यू विचारतो, मी मेलो तेव्हा तुझा वीर कुठे होता? म्हणून खऱ्या संघर्षात उतरणाऱ्या जादूला मर्यादा हवी. ती मर्यादा नंतर सुचलेली सबब नको, कथेच्या मुळातच हवी.

दुसरी अडचण खापराची. 'वंडर वुमन' हा २०१७चा चित्रपट पहिल्या महायुद्धात घडतो. नायिकेची खात्री असते की या युद्धामागे एरीस हा युद्धदेव आहे, तो मेला की माणसं शहाणी होतील. ती जर्मन सेनानी लुडेनडॉर्फला एरीस समजून मारते. युद्ध थांबत नाही. क्षणभर चित्रपट फार खऱ्या जागी येऊन उभा राहतो: देव मेला तरी तोफा चालूच, म्हणजे तोफा माणसांच्याच. पण लगेच खरा एरीस प्रकटतो, त्याचा वध होतो, आणि सैनिक मुखवटे काढून एकमेकांच्या गळ्यात पडतात. हाती आलेलं सोनं टाकून दिलं. शिवाय इतिहासातला लुडेनडॉर्फ १९१८मध्ये मेला नव्हता. १९२३ साली म्युनिकमध्ये हिटलरबरोबर उठावात चालला तो हाच. युद्ध संपल्यावरही युद्ध जपून ठेवणारी माणसं कशी असतात, हे सांगायला जो उपयोगी पडला असता तोच मारून टाकला.

माझी कथा याच जातीची होती. त्यांचा एरीस, माझा वेताळ.

मग हे नीट कसं करतात? दोन-तीन उदाहरणांवर जरा रेंगाळतो.

अहमद सादावी या इराकी लेखकाची 'फ्रँकेनस्टाइन इन बगदाद' ही कादंबरी अरबीत २०१३ साली आली आणि पुढच्या वर्षी तिला अरबी कादंबरीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कथा घडते २००५च्या बगदादमध्ये, म्हणजे लिहिणारा आणि वाचणारा या दोघांच्याही अंगावरच्या जखमा ओल्या असताना. बताविन नावाच्या जुन्या वस्तीत हादी नावाचा भंगारवाला राहतो. त्याचा साथीदार स्फोटात जातो. शवागारात हादीला कळतं की इथे देह शाबूत मिळत नाहीत, तुकड्यांतून जुळवून घ्यावे लागतात. त्या दिवसापासून तो स्फोटाच्या जागी पडलेले अवयव गोळा करून आणतो आणि शिवतो. कशासाठी? तुकडे कचऱ्यात जाऊ नयेत, पुरण्याजोगा एक पुरा देह व्हावा, यासाठी.

इथे कथेची मुळं बघा. राक्षस जन्माला येतो तो कुणा वेड्या शास्त्रज्ञाच्या महत्त्वाकांक्षेतून नाही. मेलेल्याला मूठमाती मिळावी एवढ्या साध्या, घरगुती इच्छेतून येतो. एका हॉटेलच्या, स्फोटात चिंधड्या झालेल्या पहारेकऱ्याचा आत्मा देहाच्या शोधात फिरत असतो, तो या देहात शिरतो. शेजारची एलिशवा नावाची म्हातारी ख्रिस्ती बाई त्याला आपला मुलगा दानियल समजते. तो मुलगा इराण-इराक युद्धावर गेलेला, १९८०च्या दशकात, आणि परत न आलेला. एका युद्धानं उघडं टाकलेल्या दारातून दुसऱ्या युद्धाचा राक्षस घरात येतो, आणि म्हातारी त्याला मुलाचे कपडे घालते. इतिहासाच्या पुस्तकात या दोन युद्धांमध्ये दोन प्रकरणांचं अंतर असतं. इथे एका उंबऱ्याचं आहे.

हा राक्षस बाहेर पडतो तो सूड घ्यायला. हात ज्याचा, त्याच्या मारेकऱ्याला मारायचं; पाय ज्याचा, त्याच्या. पण ज्या अवयवाचा सूड पुरा होतो तो सडून गळू लागतो. नवा अवयव हवा. मग गुन्हेगारांचे अवयव बसवावे लागतात. शेवटी डोळे जाऊ लागले म्हणून तो एका निरपराध म्हाताऱ्याला मारतो आणि स्वतःची समजूत घालतो. सुडाची ही यंत्रणा किती नेमकी आहे पाहा. सुपरमॅनच्या बळाला मर्यादा शोधावी लागली होती. इथे मर्यादा देहातच शिवलेली आहे. त्याच्या अनुयायांपैकी एक वेडा म्हणतो, हाच पहिला खरा इराकी नागरिक. खरंच, सगळ्या जातीपंथांचे अवयव एकत्र नांदतायत असा तो एकटाच देह. हसावं की रडावं कळत नाही.

या कादंबरीत ३१ ऑगस्ट २००५चा इमाम पुलावरचा प्रसंगही येतो. तो घडलेला आहे. यात्रेकरूंच्या गर्दीत आत्मघातकी हल्लेखोर शिरल्याची अफवा उठली आणि चेंगराचेंगरीत, नदीत पडून, साडेनऊशेच्या आसपास माणसं गेली. म्हणजे जो नव्हताच त्या माणसानं एवढे जीव घेतले. वास्तवानंच भूत उभं केलं होतं. अशा शहराबद्दल निव्वळ वास्तववादी लिहायचं तर ते अपुरं पडेल, असं सादावींना वाटलं असेल तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. आणि त्यांनी खापर फोडलं का राक्षसावर? नाही. पोलीस मात्र ते करतात. ज्योतिषी पदरी ठेवणारं एक सरकारी खातं त्याला 'क्रिमिनल एक्स' ठरवतं आणि शेवटी भलत्याच माणसाला पकडून फाइल बंद करतं. राक्षसाच्या नावावर सगळं खपवणं हा त्या कथेत सरकारचा उद्योग आहे, लेखकाचा नाही.

बगदाद आपल्याला वाटतं तितकं परकं नाही, हे जाता जाता सांगतो. आपले विलास सारंग इराकमध्ये बसऱ्याच्या विद्यापीठात शिकवत होते आणि त्यांची 'एन्कीच्या राज्यात' ही कादंबरी त्याच भूमीवर घडते. एन्की हा सुमेरियन देव. जुन्या देवाच्या नावाखाली नव्या हुकूमशाहीत वावरणारा मराठी माणूस आपल्या साहित्यात येऊन गेलेला आहे. आपण त्याला नीट भेटलो नाही, एवढंच.

दुसरं उदाहरण शेजारच्या घरातलं. श्रीलंकेच्या शेहान करुणातिलक यांच्या 'द सेव्हन मून्स ऑफ माली अल्मेडा' या कादंबरीला २०२२चं बुकर मिळालं. १९९०चं कोलंबो. माली हा युद्धाचे फोटो काढणारा छायाचित्रकार. तो जागा होतो तेव्हा मेलेला असतो, आणि परलोक म्हणजे एखादं व्हिसाचं कार्यालय असतं. रांगा, फॉर्म, खिडकीवर वैतागलेली माणसं. इकडे त्याचा देह बेइरा तळ्यात फेकलेला. आपल्याला कोणी मारलं हे शोधायला आणि पलंगाखाली दडवलेल्या फोटोंपर्यंत मित्रांना पोचवायला त्याच्याकडे सात रात्री आहेत. त्या फोटोंत जुलै १९८३च्या तमिळविरोधी हत्याकांडाचे पुरावे आहेत.

त्या काळात श्रीलंकेत किती हात रक्तानं माखले होते! उत्तरेत एलटीटीईचे तमिळ बंडखोर, दक्षिणेत डाव्या जेव्हीपीचा उठाव, तो चिरडणारी सरकारी पथकं, आणि १९८७ ते १९९० आपली शांतिसेना. आपलेही अकराशेहून अधिक जवान तिथे पडले आणि आपल्या सैन्यावरही तिथल्या लोकांनी आरोप केले. मारेकरी इतके की मेलेल्या माणसालाही आपला कोणता हे कळू नये. करुणातिलक ही शंका भुताच्या तोंडी घालतात, पण खुनाचं उत्तर भुताच्या जगात शोधत नाहीत. खुनी माणूसच निघतो. कोण, ते सांगून मी तुमचा रसभंग करणार नाही.

आणि तिथल्या भुतांचं बळ किती? आपला देह जिथे जिथे गेला, किंवा आपलं नाव जिथे घेतलं जातं, तिथेच त्यांना जाता येतं. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. ज्याचं नाव कोणी घेत नाही त्याचं भूतही हिंडू शकत नाही. बेपत्ता माणसांच्या देशात याहून मोठी शोकांतिका वास्तववादी लेखकाला कशी लिहिता येईल, मला सांगता येणार नाही.

करुणातिलकांनी मोकळेपणानं सांगितलं आहे की २००९मध्ये युद्ध संपल्यावर, किती माणसं मेली आणि दोष कुणाचा यावर वाद चालू असताना, त्यांना ही मेलेल्यांच्या तोंडची कथा सुचली. पण वर्तमानावर लिहिण्याइतकं धाडस नव्हतं म्हणून ते वीस वर्षं मागे, १९८९च्या आसपासच्या काळोखात गेले. कादंबरीत डॉक्टर राणी नावाची एक मेलेली प्राध्यापिका आहे. जाफना विद्यापीठात शिकवणाऱ्या आणि सप्टेंबर १९८९मध्ये गोळ्या घालून मारल्या गेलेल्या राजिनी तिरणगमा यांच्यावरून ती घडवलेली आहे. नाव बदललं, काम तेच ठेवलं: सगळ्या बाजूंच्या अत्याचारांची नोंद करणं. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारं लेखन आपण पुष्कळ पाहतो. मेलेल्या माणसाचं अर्धवट राहिलेलं काम पुढे नेणारं लेखन विरळा.

आता तिसरं उदाहरण, जे माझ्या म्हणण्याच्या आड येतं. ते टाळलं तर लबाडी होईल.

सलमान रश्दींच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन'मध्ये (१९८१) आपली मुंबई आहे. त्यातला लहानगा सलीम सायकलवरून थेट संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात घुसतो. पोरं त्याला घेरतात, गुजराती बोलून दाखव म्हणतात. तो एक बाष्कळ गुजराती यमक म्हणतो, ते यमक मोर्चात पसरतं, त्यावरून हाणामारी पेटते, आणि सलीम आपल्याला सांगतो की मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले ते माझ्यामुळे. हुतात्मा चौकाला वळसा घालून कचेरीत जाणाऱ्या मराठी माणसाला हे वाचून काय वाटावं? त्या आंदोलनावर गोळीबार कुणाच्या राजवटीत झाला, आदेश कुणाचे होते, हे घराघरांत ठाऊक आहे. मग हे खापर चुकीच्या डोक्यावर फोडणं नव्हे का?

मी बराच विचार केला, आणि मला वाटतं, नाही. कारण सलीमची ही बढाई आपल्याला पटावी अशी लेखकाची इच्छाच नाही. देशाचं सगळं बरंवाईट आपल्यामुळेच घडलं असं मानणारं ते पोर आहे. आपण हसतो, कारण खरा हिशेब आपल्याला पाठ आहे. अद्भुत उधारीवर चालतं, आणि त्याला उधार देते ती वाचकाच्या मनातली पक्की माहिती. ती जिथे पक्की आहे तिथे लेखकानं हवी तेवढी उधळण करावी. जिथे हिशेबच अजून लिहिला गेलेला नाही, साक्षी फिरतायत, कागद गहाळ होतायत, तिथे तीच बढाई पुरावा नष्ट करण्याच्या कामी येते. ताज्या संघर्षाची खरी अडचण ताजेपणाची नाही, हिशेब पुरा न झाल्याची आहे. पन्नास वर्षं जुना पण दाबून टाकलेला गुन्हा या अर्थानं ताजाच असतो.

याच कादंबरीचा एक किस्सा तुम्ही ऐकला असेल, पण त्याचा अर्थ मला अलीकडे लागला. कादंबरीत आणीबाणी आहे. स्वातंत्र्याच्या मध्यरात्री जन्मलेल्या, अंगी जादू असलेल्या मुलांना 'विधवा', म्हणजे इंदिरा गांधींचं कादंबरीतलं रूप, पकडून नेते आणि शस्त्रक्रियेनं त्यांच्यातली आशाच काढून टाकते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, हे लक्षात घेतलं तर ही कल्पना किती धारदार आहे कळेल. इंदिरा गांधींनी १९८४ साली इंग्लंडमध्ये रश्दींवर बदनामीचा दावा लावला. कशावर? 'विधवे'वर नाही, शस्त्रक्रियांवर नाही, एका साध्या वाक्यावर. त्यात त्यांचा मुलगा संजय आणि आई यांच्यातल्या नात्याबद्दल, वडिलांच्या मृत्यूवरून तो आईला दोष देत असल्याबद्दल एक ऐकीव गोष्ट होती. तडजोड झाली, वाक्य वगळलं गेलं. आणीबाणीचं अद्भुत चित्र जागच्या जागी राहिलं.

यावरून कोणी म्हणेल, पाहा, जादू लिहिली की खटल्यातून सुटका. मला यात दुसरंच दिसतं. ते ऐकीव वाक्य खासगी होतं आणि लेखकाजवळ त्याला आधार नव्हता. शस्त्रक्रियांना लाखो देहांचा आधार होता. अद्भुत टिकलं ते खऱ्यावर उभं होतं म्हणून.

कोणी विचारेल, एवढ्या अटी पाळायच्या तर सरळ बातमीच का लिहू नये? भुतं हवीत कशाला?

उत्तरासाठी सरांच्या फळ्याकडे परत जातो. आपल्या दंगलीच्या बातम्या आठवा. दगडफेक झाली. दुकानं पेटली. तणाव पसरला. दोन गट समोरासमोर आले. अज्ञात समाजकंटकांनी वाहनं पेटवून दिली. विशिष्ट समाजाच्या वस्तीत. माथेफिरू जमाव. या भाषेत दुकानं आपसूक पेटतात, तणाव पाण्यासारखा पसरतो, आणि 'समाजकंटक' नावाची एक योनी आहे जिला आईबाप नाहीत, पत्ता नाही, मतदार यादीत नाव नाही. याहून मोठी भूतकथा कोणती? मी दंगलीत वेताळ आणला तेव्हा मी काही धाडसी, नवीन केलं नव्हतं. वर्तमानपत्रं रोज करत होती तेच जरा सजवून केलं होतं.

चांगली अद्भुतकथा उलट्या दिशेनं जाते. 'अज्ञात' शिक्का मारलेल्याला ती चेहरा देते, मेलेल्याला बोलतं करते, जिथे जिवंत साक्षीदार टिकला नसता त्या खोलीत नजर ठेवून बसते. सरकारी भाषा माणसांची भुतं करते; ही भुतांना पुन्हा माणसं करते. हे काम बातमी करू शकत नाही, कारण मेलेल्याचा जबाब घेता येत नाही. आयोग करू शकत नाही, कारण तो ४५ जणांपुढे 'अज्ञात' लिहून थांबतो, आणि त्याला थांबावंच लागतं. लेखकाला तिथून पुढे जाता येतं. अट एकच: निसर्गाचे नियम खुशाल मोडावेत, जबाबदारीचा हिशेब मोडू नये.

शेवटी पुन्हा वेताळाकडे येतो, कारण त्याची माफी मागायची राहिली आहे.

ज्यांचं बालपण 'चांदोबा'त गेलं त्यांना चित्र आठवत असेल: स्मशान, झाडावर लोंबणारं प्रेत, ते खांद्यावर घेऊन चालणारा राजा आणि प्रेताच्या तोंडून बोलणारा वेताळ. सोमदेवानं अकराव्या शतकात काश्मीरच्या राणी सूर्यमतीसाठी 'कथासरित्सागर' रचला, त्यात या कथा आहेत. त्या राजघराण्यात तेव्हा बापलेकांचाच संघर्ष पेटलेला होता, आणि अखेर राजानं आत्महत्या केली, राणी सती गेली. म्हणजे आपल्या अद्भुताच्या महासागरालाही ताज्या राजकीय रक्ताचा किनारा होता.

त्यातली एक कथा अशी. एक भुकेला ब्राह्मण खिरीचं भांडं झाडाखाली ठेवून हातपाय धुवायला जातो. वर घार साप घेऊन बसलेली. सापाच्या तोंडातलं विष खिरीत गळतं. ब्राह्मण खीर खाऊन मरतो, मरताना वाढणाऱ्या बाईला दोष देतो, आणि नवरा तिला घराबाहेर काढतो. वेताळ विचारतो, दोष कुणाचा? घारीचा, सापाचा, बाईचा? राजा म्हणतो, विचार न करता यांतल्या कुणालाही दोषी ठरवील त्याचा.

हा आमचा वेताळ. त्याच्या हातात तलवार नसते, त्याच्या तोंडात प्रश्न असतो, आणि प्रश्न बहुतेक वेळा हाच: यात जबाबदार कोण? अट तर तुम्हाला ठाऊक आहे. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल. बोललास तर मी पुन्हा झाडावर, आणि तुला पुन्हा पहिल्यापासून चालावं लागेल. खरं बोलण्याची किंमत कथेनं लपवलेली नाही. मी या वेताळाला चाळीत आणला आणि त्याच्याकडून प्रश्न काढून घेऊन हत्यार दिलं. परंपरा माहीत असती, तर पोस्टकार्डाची वेळ आली नसती.

ती कथा मी पुन्हा लिहायला घेतली आहे. यावेळी वेताळ उशिरा येतो, सगळं होऊन गेल्यावर, पहाटे. जिन्याच्या मधल्या फळीवर बसतो. चाळीत सामसूम आहे, पण दारांच्या फटींतून कोण कोण जागं आहे हे त्याला दिसतं. तो प्रश्न विचारतो. पहिल्या मजल्यावर कडी वाजल्यासारखी होते. इथवर कथा आली आहे. पुढचं वाक्य अजून सापडलेलं नाही. एवढं मात्र ठरवलं आहे की त्या वाक्याला कर्ता असेल, आणि तो बस नसेल.